माहूरचा राणा आणि टिपेश्वरचा वाघ

ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा ऑफिसात इअरफोन लावता येत नाही, त्यांच्यासाठी या एपिसोडचा हा लिखित मजकूर. बोलताना जे 'म्हणजे म्हणजे' होतं ते काढून टाकलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

एक प्रश्न विचारतो. राजपूत राजा, डोंगरी किल्ला, किल्ल्याला लागून देवीचं मंदिर आणि खाली वाघाचं जंगल. हे वर्णन ऐकून कुठलं गाव डोळ्यासमोर आलं? दहापैकी नऊ जण रणथंभोर म्हणतील. बरोबरच आहे, इन्स्टाग्रामवर त्याचीच रील फिरते. पण हे चारही मुद्दे नांदेड जिल्ह्यातल्या एका गावाला लागू होतात आणि त्या गावाला आपण दर नवरात्रात एसटीनं जातो. माहूर.

माहूर म्हणजे रेणुकामाता, साडेतीन शक्तिपीठांपैकी एक पूर्ण पीठ. दत्तशिखर, अनसूयेचं शिखर, महानुभावांचं देवदेवेश्वर. हे सगळ्यांना माहीत असतं. किल्ल्याकडे मात्र फारसं कुणी वळत नाही आणि किल्ल्यावरून दिसणाऱ्या जंगलाकडे तर त्याहून कमी लोक. आजचा एपिसोड त्या दोन्हींवर आहे.

सुरुवात अकबराच्या दरबारातून करू. अबुल फजलनं १५९० च्या दशकात 'आईन-ए-अकबरी' लिहिली. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, त्यामुळे मला तो ग्रंथ एखाद्या मोठ्या डेटाबेससारखा वाटतो. सुभा, त्याच्याखाली सरकार, त्याच्याखाली महाल. प्रत्येकापुढे वसूल किती, घोडेस्वार किती, पायदळ किती, जमीनदार कोणत्या जातीचा. वऱ्हाड प्रांत चांदबिबीनं १५९६ मध्ये मुघलांना दिला आणि लगेच या नोंदीत त्याची भर पडली. त्यात माहूर हे एक सरकार आहे.

माहूरबद्दल तिथं चार-पाचच वाक्यं आहेत. मजकूर असा की, डोंगरावरचा हा किल्ला भक्कम आहे, जवळ देवीचं मंदिर आहे, इथल्या म्हशी उत्तम जातीच्या आहेत आणि अर्धा मण किंवा त्याहून जास्त दूध देतात. अकबरी मण साधारण पंचवीस किलोचा, म्हणजे बारा-तेरा किलो दूध. आणि शेवटी जमीनदाराची नोंद. तो राजपूत आहे, नाव इंद्रजीव, त्याला 'राणा' म्हणतात आणि त्याच्याकडे १०० घोडेस्वार व १,००० पायदळ आहे.

राणा! हा किताब ऐकला की आपल्याला मेवाड आठवतं, हळदीघाट आठवतो. आणि इथं पैनगंगेच्या काठी, आपल्या नांदेडच्या माहूरला, नेमक्या त्याच काळात एक राणा बसलाय. महाराणा प्रताप १५९७ मध्ये वारले. म्हणजे दोघे समकालीन.

आता इथं थोडं थांबू. लगेच 'माहूरचा राणा राजस्थानातून आला' असं स्टेटस टाकायची घाई नको. पंधराव्या-सोळाव्या शतकात 'राजपूत' हा शब्द आजच्यासारखा फक्त जन्मावर ठरत नव्हता. डर्क कॉल्फ नावाच्या डच इतिहासकारानं यावर अख्खं पुस्तक लिहिलंय. त्याचं म्हणणं, त्या काळी उत्तर हिंदुस्थानात घोडा, तलवार आणि चाकरी यांच्या जोरावर माणूस राजपूत म्हणवून घेऊ शकत होता. तो एक दर्जा होता. त्याच्या आधी १९६२ मध्ये सुरजित सिन्हा या मानववंशशास्त्रज्ञानं मध्य भारतातल्या आदिवासी राज्यांबद्दल असंच दाखवलं. जंगलातला एखादा सरदार मोठा झाला, त्यानं किल्ला धरला, ब्राह्मण पुरोहित ठेवला, की हळूहळू त्याच्या घराण्याची वंशावळ राजपुतांशी जोडली जायची. माहूरच्या आजूबाजूला तेव्हा गोंडांचा मुलूख होता. पूर्वेला चांद्याचं गोंड राज्य, दक्षिणेला आदिलाबादच्या टेकड्या. तेव्हा मुघल कारकुनानं 'राजपूत' लिहिलं याचा पहिला अर्थ असा की, या माणसाला आपण राजा समजून वागवायचं.

मला मात्र सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो तो घोडे आणि पायदळाचा हिशोब. शंभराला हजार. एका घोडेस्वारामागे दहा पायी माणसं. मोकळ्या मैदानातला राजा घोडदळावर जोर देतो. दाट सागवानात, नाल्या-ओढ्यांत घोडा चालत नाही, तिथं पायी माणूस लागतो, तोही त्या रानाची वाट माहीत असलेला. आणि त्या म्हशी. इतकं दूध देणारी जनावरं पोसायची तर गवत, सावली आणि बारमाही पाणी पाहिजे. अबुल फजलनं जंगलाचं वर्णन केलं नाही, पण हे दोन आकडे जोडले की जंगल समोर उभं राहतं. राणाची ताकद त्या रानातूनच येत होती. किल्ला नुसता पहाऱ्याचा.

पुढच्या काळात हे अजून स्पष्ट होतं. १६२३ मध्ये शहाजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान, बापाविरुद्ध बंड करून हरला. मागे जहांगीरची फौज. तो मांडूवरून नर्मदा ओलांडून बऱ्हाणपूरला आला आणि तिथून माहूरला. माहूरला त्यानं आपले हत्ती आणि जड सामान उदाराम नावाच्या सरदाराच्या ताब्यात ठेवलं आणि हलका होऊन गोवळकोंड्याच्या मुलखात शिरला. तिथून ओरिसा, मग बंगाल. नकाशा काढून बघा. बऱ्हाणपूरवरून तेलंगणात उतरायचं, तेही मोठ्या फौजेला चुकवत, तर माहूर-किनवटचं रान हीच वाट. एका साम्राज्याची हद्द संपते, दुसऱ्याची सुरू होते आणि मधल्या पट्ट्यात कुणाचंच पूर्ण चालत नाही.

याच उदारामाच्या घरात पुढे ती बाई आली, जिला इतिहास 'रायबागन' म्हणून ओळखतो. माहूरच्या देशमुख घराण्यातली, उदारामाच्या मुलाची विधवा. मुघलांकडून लढली आणि औरंगजेबानं तिला हा किताब दिला. रायबागन, म्हणजे राजवाघीण. शिवचरित्र वाचलेल्यांना ती उंबरखिंडीत भेटते. २ फेब्रुवारी १६६१, कारतलबखान सैन्य घेऊन खिंडीत अडकला, वर झाडीत शिवरायांचे मावळे. शिवभारतात हा प्रसंग आहे. तिथं खानाला शरण जायचा सल्ला देणारी हीच रायबागन. मला त्यात भित्रेपणा दिसत नाही. जी बाई माहूरच्या रानात राहिली, तिला अरुंद वाट आणि दोन्ही बाजूंची झाडी म्हणजे काय हे खानापेक्षा जास्त कळत होतं, असं मी वाचतो. किताबाला वाघीणच का, याचं उत्तर तर माहूरला कुणालाही विचारा.

राजपुतांचा धागा नांदेडात इथंच संपत नाही. अठराव्या शतकात निजाम-उल-मुल्कच्या पदरी गौड राजपूत घराण्यातला राजा गोपाळसिंह होता आणि कंधारचा किल्ला त्याच्या ताब्यात होता. कंधार त्याहून कितीतरी जुनं, राष्ट्रकूटांचं नगर. राष्ट्रकूट स्वतःला 'लट्टलूर'चे, म्हणजे आपल्या लातूरचे स्वामी म्हणवून घ्यायचे. त्यावर वेगळा एपिसोड करू. इथं इतकंच की, नांदेड-लातूरकडं 'राजपूत' हा शब्द बाहेरून पाहुणा आलेला नाही, तो चारशे वर्षं इथल्या कागदांत आहे.

आता जंगलाची दुसरी बाजू.

१८५३ मध्ये इंग्रजांनी निजामाकडून कर्जापोटी वऱ्हाडचा कारभार घेतला. त्या दिवसापासून पैनगंगा नुसती नदी राहिली नाही, सरहद्द झाली. उत्तरेला यवतमाळची बाजू इंग्रजांकडे, दक्षिणेला माहूर-किनवटची बाजू हैदराबाद संस्थानाकडे. झाडं तीच, वाघ तोच, पण दोन जंगलखाती आणि दोन कायदे. दोघांनाही सागवान हवं होतं.

संस्थानी काळाचं जंगल म्हटलं की आपल्याला नवाबाची शिकार आठवते. सहावा निजाम महबूब अली खान वाघाच्या शिकारीसाठी प्रसिद्धच होता. पण शिकारीपेक्षा मोठी गोष्ट कागदावर घडत होती. संस्थाननं जंगलं राखीव करायला सुरुवात केली, हद्दीचे दगड रोवले आणि पिढ्यान् पिढ्या तिथं पोडू शेती करणारे गोंड, कोलाम एका रात्रीत 'अतिक्रमण करणारे' झाले. त्यातून आदिलाबादच्या डोंगरात कोमराम भीमचं बंड उभं राहिलं आणि १९४० मध्ये जोडेघाटला तो मारला गेला. जल, जंगल, जमीन ही घोषणा आज सगळीकडे वापरतात, ती त्याच्या नावाशी जोडलेली आहे. हे सगळं 'तिकडं तेलंगणात' झालं असं वाटत असेल तर एक माहिती देतो. तेव्हा किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यातच होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला. म्हणजे कोमराम भीम ज्या जिल्ह्यात लढला, तो किनवटकरांचाही जिल्हा होता.

मग पैनगंगेला लागून पैनगंगा अभयारण्य झालं. काही भाग यवतमाळमध्ये, काही नांदेडमध्ये. नदी त्याला तीन बाजूंनी वळसा घालते. साग, मोह, तेंदू, धावडा, पळस. बिबट्या, अस्वल, तरस, सांबर, चितळ, रोही. आणि अधूनमधून, वाटेवरचा पाहुणा म्हणून, वाघ.

तो पाहुणा येतो कुठून? यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याजवळ टिपेश्वर अभयारण्य आहे, जेमतेम १४८ चौरस किलोमीटर. तिथं वाघ चांगले वाढले. जागा कमी पडली. वाघाचं पोरगं दोन-अडीच वर्षांचं झालं की त्याला घर सोडावंच लागतं, नाहीतर मोठा नर मारतो. आपण बारावीनंतर पुण्याला जातो ना, तसंच, फक्त त्याला हॉस्टेल मिळत नाही.

२०१९ मध्ये अशा एका नराला रेडिओ कॉलर लावली होती. कागदोपत्री नाव टी-१-सी-१, लोकांनी ठेवलेलं नाव 'वॉकर'. जूनमध्ये तो टिपेश्वरमधून निघाला. आदिलाबादची बाजू, नांदेड जिल्हा, पैनगंगेचं रान, पुढे हिंगोली, वाशीम असं करत डिसेंबरपर्यंत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. साधारण नऊ महिन्यांत कॉलरनं पाच हजारांहून जास्त ठिकाणं नोंदवली आणि एकूण चाल भरली सुमारे तीन हजार किलोमीटर. कापसाची शेतं, नाले, रस्ते, गावांच्या कडा. बहुतेक प्रवास रात्री. दिवसा नाल्यात किंवा झुडपात पडून राहायचा. वाटेत रानडुकरं आणि जनावरं खाल्ली. माणसांशी त्याची झटापट एकदाच झाली, तीही काही लोक त्याच्या पावलांचे ठसे बघत तो झोपला होता त्या झुडपापर्यंत गेले तेव्हा.

मी ते लोकेशनचे नकाशे बघत होतो तेव्हा माझ्या डोक्यात शहाजादा खुर्रम होता. दोघांमध्ये जवळजवळ चारशे वर्षांचं अंतर. दोघांच्याही मागे मोठा नर लागलेला. आणि दोघांनाही ही पैनगंगेच्या काठची आडवाट उपयोगी पडली. यात गूढ काही नाही. टेकड्या आणि नदी जागच्या जागी आहेत आणि लपत जायचं असेल तर जमीन जी वाट देते तीच घ्यावी लागते.

आता रणथंभोरकडे परत जाऊ, कारण इथं खरा मुद्दा आहे. राजस्थानातल्या संस्थानांनी जंगल राखलं ते शिकारीसाठी. रणथंभोर जयपूरच्या महाराजांचं शिकारीचं रान, सरिस्का अलवरच्या महाराजांचं. भोवती बंदी, आत वाघ. स्वातंत्र्यानंतर त्याच शिकारगाहांची अभयारण्यं झाली. ही पद्धत एका अर्थानं यशस्वी ठरली. पण ती बेटं होती. २००४-०५ मध्ये सरिस्कात लक्षात आलं की एकही वाघ उरलेला नाही, चोरट्या शिकारीनं सगळे संपले. आजूबाजूला जोडरान नव्हतं, त्यामुळे नवा वाघ चालत येऊ शकला नाही. शेवटी २००८ मध्ये रणथंभोरमधून वाघ हेलिकॉप्टरनं न्यावा लागला.

आमच्याकडं असं बेट कुणी राखलंच नाही. माहूर-किनवटचं रान कुण्या महाराजाचं बंद शिकारगाह नव्हतं, ते दोन राज्यांच्या मधलं सरहद्दीचं रान होतं. म्हणून इथं रणथंभोरसारखी जिप्सी सफारी नाही, वाघ हमखास दिसत नाही. पण इथं जे आहे ते सरिस्काकडे नव्हतं. इथं वाट आहे. टिपेश्वर, पैनगंगा, किनवट, पुढे तेलंगणातला कवाल व्याघ्र प्रकल्प. आणि दुसरीकडे ज्ञानगंगा. डिसेंबर २०२४ मध्ये तर टिपेश्वरचाच एक वाघ चारशेहून जास्त किलोमीटर चालून धाराशिवच्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यात कॅमेऱ्यात आला. ते अभयारण्य आहे जेमतेम बावीस चौरस किलोमीटरचं. शेजारच्या आमच्या लातूर जिल्ह्यात तर जंगल एक टक्क्याहूनही कमी. तरी वाघ आला, हेलिकॉप्टर न लागता.

इथं टाळ्या वाजवून एपिसोड संपवता आला असता. पण ज्यांच्या शेतातून ही वाट जाते, त्यांचं काय?

किनवट-माहूरकडचा शेतकरी कापूस, सोयाबीन, तूर घेतो. रोही आणि रानडुकरं एका रात्रीत पीक झोपवतात, म्हणून माळ्यावर जागलीला जावं लागतं. शेतीची लाईट कित्येकदा रात्रीचीच असते, म्हणून पाणी द्यायलाही अंधारातच जावं लागतं. त्या अंधारात वाघ असू शकतो हे पुण्यातल्या फ्लॅटमध्ये बसून 'वाव' म्हणण्याइतकं सोपं नाही. टिपेश्वरच्याच शेजारी, पांढरकवडा भागात, तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका असलेली 'अवनी' वाघीण नोव्हेंबर २०१८ मध्ये गोळी घालून मारली गेली. देशभर वाद झाला. वाघिणीसाठी मेणबत्त्या लागल्या. त्या तेरा जणांची नावं आपल्यापैकी किती जणांना माहीत आहेत?

सीमेपलीकडे २०२५ मध्ये याचीच पुढची पायरी दिसली. तेलंगणा सरकारनं कवाल आणि ताडोबा यांच्यामधल्या पट्ट्याला कोमराम भीमच्या नावानं संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर केलं. आदिवासी संघटना रस्त्यावर उतरल्या आणि दोन महिन्यांच्या आत सरकारनं तो आदेश स्थगित केला. ज्यानं जंगलातून हाकलण्याविरुद्ध जीव दिला, त्याच्याच नावानं काढलेल्या आदेशामुळे लोकांना हाकललं जाण्याची भीती वाटली. इतिहास शिकायचा तो अशासाठी. १९३० च्या दशकातले हद्दीचे दगड लोक विसरलेले नाहीत.

म्हणून मला वाटतं, आपल्या भागाला शिकारगाहाचं मॉडेल लागू करू नये. कुंपण घालून माणसं बाहेर काढणं आपल्याकडे ना शक्य आहे, ना न्यायाचं आहे. वाट राखायला बेट राखण्याइतकी जमीन लागत नाही. नाल्याकाठची झाडी तोडू नये, एवढं झालं तरी वाघाचा अर्धा प्रवास झाकला जातो. पिकाची आणि जनावराची भरपाई महिनोन् महिने न लटकता हातात पडावी. जंगलालगतच्या गावांना शेतीची लाईट दिवसा मिळावी, म्हणजे माणूस आणि वाघ यांच्या वेळाच वेगळ्या होतील. आणि रस्ते-रेल्वे बांधताना खालून वाट सोडावी. हे स्वप्नरंजन नाही. नागपूरच्या पुढे पेंचमधून जाणाऱ्या महामार्ग ४४ वर असे नऊ मार्ग खालून काढले आणि तिथं लावलेल्या कॅमेऱ्यांत वाघासह अनेक प्राणी त्यातून जाताना टिपले गेले. आपल्याकडे वर्धा-यवतमाळ-नांदेड हा २८४ किलोमीटरचा रेल्वेमार्ग होतोय. मराठवाड्याला ती रेल्वे हवीच आहे, मलाही हवी आहे. फक्त रूळ टाकतानाच खालून जागा सोडली तर स्वस्तात होते. नंतर प्रॉडक्शनमध्ये बग सापडला की तो दुरुस्त करायला किती पट खर्च येतो, हे आमच्या फील्डमधल्या कुणालाही विचारा.

शेवटचा मुद्दा आपल्यासाठी, म्हणजे मोबाइल हातात असलेल्यांसाठी. आपल्या तालुक्यात वाघ आल्याची बातमी येते तेव्हा पहिल्या तासाभरात व्हॉट्सअ‍ॅपवर लोकेशन फिरतं, मग बाइकवर पोरं निघतात, कुणीतरी ठसे बघत आत जातं. वॉकरच्या प्रवासातली ती एकमेव झटापट अशीच झाली होती. तेव्हा लोकेशन फॉरवर्ड करू नका. वनखात्याला फोन करा, १९२६ ही त्यांची हेल्पलाइन आहे. शेजारच्या शेतात रात्री कुणी पाणी द्यायला गेलं असेल तर त्याला आधी कळवा, ग्रुपला नंतर.

आणि या नवरात्रात माहूरला गेलात तर दर्शन झाल्यावर तासभर किल्ल्यासाठी ठेवा. तटावरून खाली जे हिरवं दिसतं, त्याच्या भरवशावर एके काळी हजार पायदळाचा राणा उभा होता. आज त्यातून वाघ रात्री गुपचूप पुढे जातो. त्या हिरव्यात कुणाचं शेत आहे, कुणाचा तांडा आहे, कोलामांचा पोड आहे, तेही बघा.

पुढच्या भागात कंधार घेऊ. तोपर्यंत तुमच्या गावाकडं वाघ, बिबट्या, लांडगा यांच्या जुन्या आठवणी सांगणारी आजी-आजोबा मंडळी असतील तर त्यांचा आवाज रेकॉर्ड करून ठेवा. भेटू.